यूझरने ‘येस’ दाबलं नाही, तर रिमोट घ्यायचा का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा, चुकत असेन तर सांगा. साखर कारखाना आहे. मुख्य कार्यालय, उसाचा वजनकाटा आणि गट ऑफिसं धरून पावणेदोनशे पीसी, अकाउंट्स आणि शेतकी विभाग एकाच टर्मिनल सर्व्हरवर (अनेक जण एकाच वेळी लॉगिन करून काम करतात असा सर्व्हर), आणि सपोर्टला तुम्ही दोघेच. रिमोट घ्यायला, म्हणजे आपल्या जागेवरून दुसऱ्याची स्क्रीन बघायला किंवा चालवायला, गेलं की समोर परवानगीची खिडकी उघडते. यूझर जागेवर नसतो, किंवा असतो आणि घाबरून ‘नो’ दाबतो. काम अडतं, हंगामात तर काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागते. एमडी साहेब म्हणतात, पीसी कारखान्याचे आहेत, ती खिडकीच बंद करून टाका. कर्मचारी म्हणतात, खिडकी गेली की आयटीवाले दिवसभर आमच्या स्क्रीनवर बसणार. आणि तुम्हाला हवी आहे खिडकी बंद करायची सेटिंग.

सेटिंग सांगतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ग्रुप पॉलिसीत (सगळ्या पीसींचे नियम एका जागेवरून ठरवायची विंडोजची सोय) कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट, कनेक्शन्स असं खाली उतरत जा. यूझर सेशनच्या (म्हणजे लॉगिन करून चालू असलेल्या त्याच्या कामाच्या) रिमोट कंट्रोलचे नियम ठरवणारी पॉलिसी तिथे आहे. पर्याय पाच, आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, ते ‘शॅडो’ (दुसऱ्याच्या चालू सेशनमध्ये शिरण्याला विंडोजमध्ये हेच नाव आहे) नावाच्या नोंदीत 0 ते 4 असे बसतात. 0 म्हणजे रिमोट बंद, 1 म्हणजे विचारून पूर्ण ताबा, 2 म्हणजे न विचारता पूर्ण ताबा, 3 म्हणजे विचारून फक्त बघणं, 4 म्हणजे न विचारता फक्त बघणं. तुम्ही मागताय तो 2. पॉलिसी ठरवलेली नसताना एमएसटीएससीला (रिमोट डेस्कटॉप उघडणारा प्रोग्राम) ‘नो कन्सेन्ट प्रॉम्प्ट’चा स्विच जोडलात, तर विंडोज अडवतं आणि सांगतं की ग्रुप पॉलिसीनुसार यूझरची संमती लागते.

मी स्वतः 2 लावून काम केलेलं आहे. आता लावत नाही. का, ते सविस्तर सांगतो, कारण तुम्ही दोघेच आहात आणि मीही तेव्हा असाच दोघांतला एक होतो.

2014-15 ची गोष्ट. एका संस्थेत चाळीसेक थिन क्लायंट (सर्व्हरच्या जोरावर चालणारे छोटे पीसी) एका विंडोज सर्व्हर 2012 आर2 वर चालायचे. (साध्या 2012 सर्व्हरमधून शॅडोची सोय काढली होती, आर2 मध्ये ती परत आली, म्हणून आम्ही मुद्दाम आर2 घेतला होता.) रोजच्या ‘येस दाबा, येस दाबा’ला कंटाळून आम्ही 2 लावला. सहा महिने फार छान गेले. एका दुपारी अकाउंट्समधून फोन आला, टॅली अडकलंय. क्यूविनस्टा ही कमांड चालवून सेशनची यादी काढली. त्यांचा नंबर होता 17, घाईत मी टाकला 7. समोर उघडलं ते आस्थापना विभागातल्या एका बाईंचं सेशन. त्यांच्या स्क्रीनवर एका कर्मचाऱ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र होतं, आजाराचं नाव वरच्याच ओळीत. मी टॅली शोधत माउस टास्कबारकडे नेला. तिकडून त्यांनीही माउस ओढला. बाण मध्येच थरथरला आणि थांबला. मग प्रमाणपत्र मिनिमाइज झालं, नोटपॅड उघडलं, आणि त्यात एकेक अक्षर उमटत गेलं: ‘कोण आहे?’

मी सेशन सोडलं आणि जिना उतरून त्यांच्या टेबलापाशी गेलो. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, “याआधी किती वेळा?” उत्तर होतं, एकदाही नाही. पण ते सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. शॅडोचा लॉग (कोण कधी शिरलं याची आपोआप पडणारी नोंद) आम्ही कधी उघडूनही बघितला नव्हता, आणि बघायला गेलो तेव्हा जुना भाग भरून पुसला गेला होता. ज्याचं प्रमाणपत्र होतं तो माणूस रोज माझ्याबरोबर डबा खायचा. त्याने कुणालाही न सांगितलेली गोष्ट मला कळली होती आणि ती मला कळली आहे हे त्याला माहीत नव्हतं. ते आजही मला सलतं. त्याच संध्याकाळी 2 चा 1 केला.

तेव्हापासून मी एक फरक धरून चालतो. पीसी संस्थेचा आहे, पण चालू सेशन त्या माणसाचं आहे. टेबल-खुर्चीही ऑफिसचीच असते, तरी समोर बसलेल्या माणसाच्या हातातला कागद आपण न विचारता ओढून घेत नाही. एमडी साहेबांचं म्हणणं पीसीपुरतं खरं आहे. अपडेट कधी टाकायचे, कोणतं सॉफ्टवेअर काढायचं, यूएसबी बंद ठेवायची का, यात यूझरला विचारायची गरज नाही, सांगितलं तरी पुरे. पण तो लॉगिन करून बसला आहे, त्याच्या खिडक्या उघड्या आहेत, तेव्हा तिथे शिरणं ही वेगळी गोष्ट आहे.

आता तुमच्या काट्याचा विचार करा. तिथे खाजगीपणाचा प्रश्न कमी आणि जबाबदारीचा जास्त आहे. काटामारीची शंका शेतकऱ्याच्या मनात किती खोल आहे, हे कारखान्यात काम करणाऱ्याला मी सांगायला नको. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी करून निव्वळ ऊस, आणि त्यावर बिल. काट्याच्या पीसीवर क्लार्क त्याच्या लॉगिनने बसलेला असतो. तुम्ही शॅडोने ताबा घेतलात की तुम्ही दाबलेली प्रत्येक की त्याच्या नावावर जाते. सॉफ्टवेअरला दोन हात वेगळे ओळखता येत नाहीत. रात्री दीड वाजता अडकलेली पावती तुम्ही घरून रद्द केलीत, तर नोंद पडणार की तिसऱ्या पाळीच्या क्लार्कने पावती रद्द केली. महिन्याने त्या खेपेबद्दल तक्रार आली आणि क्लार्क म्हणाला, “साहेब, माउस आपोआप हलत होता”, तर 2 लावलेल्या कारखान्यात त्याचं म्हणणं खरंही ठरवता येत नाही आणि खोटंही. तो अडकतो, त्याच्या पाठोपाठ तुम्हीही.

खिडकीत ‘येस’ दाबल्याने की कुणाची, हे बदलत नाही, ती तरीही त्याच्याच नावावर पडते. पण त्या क्षणी क्लार्क जागेवर होता, त्याने बघितलं आणि होकार दिला, एवढं पक्कं होतं. त्याला लॉगचा आधार मिळतो. ज्या मशीनवर शॅडो घेतला, तिथल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये टर्मिनल सर्व्हिसेसच्या रिमोट कनेक्शन मॅनेजरच्या ऑपरेशनल लॉगमध्ये बघा. 20503 म्हणजे बघणं सुरू, 20504 म्हणजे थांबलं, 20506 म्हणजे ताबा सुरू, 20507 म्हणजे सुटला. परवानगी दिल्याची नोंद वेगळी पडते, बघण्यासाठी 20508 आणि ताब्यासाठी 20510. आजच उघडून बघा, गेल्या आठवड्यातलं तुमचंच काम तिथे सापडेल. लॉगचा आकार वाढवा आणि तो दुसऱ्या मशीनवर जमा करायची सोय करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे कॉर्पोरेट संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग 180 दिवस जपायचे आहेत. त्या बाईंच्या प्रश्नाला उत्तर देता यावं म्हणून मी ते त्याआधीपासून जपतो.

तुमची खरी अडचण मला वाटतं वेगळी आहे: लोक ‘येस’ का दाबत नाहीत. एकदा करून बघा. शेतकी विभागात एखाद्याच्या शेजारी जाऊन बसा आणि तुमच्या सहकाऱ्याला न सांगता रिमोट घ्यायला लावा. इंग्रजीत एक खिडकी येते, त्यात डोमेनचं (एकाच सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या पीसींच्या गटाचं) आणि खात्याचं नाव असतं, आणि हा तुमचं सेशन रिमोटने हाताळू मागतोय, मान्य आहे का, असा प्रश्न असतो. तुम्ही दोघं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ हे एकच खातं वापरत असाल, आणि दोघांच्या सपोर्टमध्ये बहुधा तसंच असतं, तर त्याला काय कळणार? कोण ॲडमिनिस्ट्रेटर, कशाला आलाय, माझ्या उघड्या फाइलचं काय होणार? अशा वेळी ‘नो’ दाबणारा माणूस शहाणपणाच करतोय.

म्हणून पहिलं काम म्हणजे दोघांना आपापल्या नावाची वेगळी सपोर्ट खाती. खिडकीत ओळखीचं नाव दिसलं की निम्मी भीती जाते. शिवाय लॉगमध्येही दोघं वेगळे दिसता.

दुसरं, आधी फोन, मग खिडकी. माझ्या हाताखालच्या मुलांना मी हे वाक्य पाठ करायला लावतो: “भाऊसाहेब, आयटीतून बोलतोय, तुमचं सकाळचं ऊसबिलाच्या प्रिंटचं तिकीट आहे ना? आता स्क्रीनवर माझ्या नावाची खिडकी येईल. काही मिटवायचं असेल तर आधी मिटवा, मी थांबतो. झालं की सांगा.” (तिकीट म्हणजे आयटीकडे केलेल्या तक्रारीची नोंद.) यातलं ‘मिटवायचं असेल तर मिटवा’ सगळ्यात महत्त्वाचं. कुणी बँकेचं पासबुक उघडलेलं असतं, कुणी मुलाचा निकाल, कुणी सोसायटीच्या कर्जाचा अर्ज. त्याला अर्धं मिनिट द्या. खरी संमती त्या फोनवर मिळते, खिडकीवरचं बटण त्या संमतीची नोंद करतं. आणि काम संपेपर्यंत फोन ठेवू नका. शॅडोत एकदा होकार दिल्यावर यूझरच्या स्क्रीनवर कुणी बघतंय अशी ठळक खूण राहत नाही. तुम्ही बाहेर पडलात हे त्याला तुमच्या तोंडूनच कळतं. “मी निघालो, आता मला तुमची स्क्रीन दिसत नाही” हे शब्दशः म्हणा.

हे सगळं हंगामात जमेल का, असं तुम्ही विचाराल. ऊस आल्यापासून 14 दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेली उसाची किमान किंमत) द्यायची असते, बिलाच्या रनला एक दिवस उशीर झाला तरी वरून फोन सुरू होतात, हे मला माहीत आहे. पण तुमच्या वेळेचा हिशेब करून बघा. वेळ फोन करण्यात जातो, की ‘नो’ आल्यावर पुन्हा पुन्हा खिडकी पाठवण्यात? माझ्याकडे फोनची सवय लागल्यावर ‘नो’ येणं जवळजवळ थांबलं.

आता माणूस जागेवर नसेल तेव्हाचं. इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे.

कुणी लॉगिनच केलेलं नसेल तर सेशनच नाही, विचारायचं कुणाला? आपल्या खात्याने जा, काम करा, तिकिटात लिहा.

लॉगिन आहे पण स्क्रीन लॉक आहे, माणूस जेवायला गेलाय, हा प्रसंग फसवा. क्यूयूझर ही कमांड चालवलीत की किती वेळ हालचाल नाही ते दिसतं. पण दोन तास हालचाल नसली म्हणून सेशन तुमचं होत नाही, त्यात न जपलेली एक्सेल असू शकते. आधी स्वतःला विचारा, मला स्क्रीन लागतेच आहे का? प्रिंट स्पूलर पुन्हा चालू करायचा, डिस्कवर जागा करायची, सर्व्हिस बघायची, अपडेट टाकायचा, ड्रायव्हर बदलायचा, यातलं जवळपास सगळं पॉवरशेल रिमोटिंगने (दुरून कमांड चालवून) किंवा कॉम्प्युटर मॅनेजमेंटने मागच्या बाजूने होतं. यूझरच्या खिडक्यांना हातही लागत नाही. आपल्याला स्क्रीन बघायची सवय लागलेली असते, म्हणून आपण शॅडो उघडतो. ही सवय मोडायला मला वर्ष लागलं. आज माझ्याकडे स्क्रीन घ्यावी लागणारी तिकिटं पूर्वीच्या मानाने फार थोडी आहेत, आणि खिडकीचा वादही तेवढाच उरला आहे.

शॅडोऐवजी साधा रिमोट डेस्कटॉप वापरत असाल तर एक लक्षात ठेवा. विंडोज 10 किंवा 11 वर दुसरा यूझर बसलेला असताना तुम्ही तुमच्या खात्याने शिरायला गेलात, तर त्याला विचारणा होते, पण 30 सेकंदांत उत्तर आलं नाही की विंडोज तो होकार धरतं आणि त्याचं सेशन डिस्कनेक्ट करतं. त्याच्या उघड्या खिडक्या मागे तशाच राहतात आणि तुम्हाला त्या दिसत नाहीत, हे बरं. पण समोरच्याला वाटतं पीसीने आपल्याला बाहेर हाकललं. उत्तर नाही आलं तर काय धरायचं, हे प्रत्येक टूलमध्ये वेगळं असतं आणि ते कुणी तपासत नाही. टाइट व्हीएनसी, अल्ट्रा व्हीएनसी या रिमोट घ्यायच्या टूल्समध्ये आलेल्या कनेक्शनला विचारायचं का, किती सेकंद थांबायचं आणि शेवटी घ्यायचं की नाकारायचं, हे तिन्ही ठरवता येतं. मी बघितलेल्या बऱ्याच ठिकाणी विचारणा चालू आणि शेवटी ‘घ्यायचं’, असं ठेवलेलं होतं. तिथे खिडकी असून नसल्यासारखी. एवढी एक सेटिंग आज तपासा.

गट ऑफिसं डोमेनमध्ये नसतील आणि तिथे एनीडेस्क (इंटरनेटवरून रिमोट घ्यायचं ॲप) टाकलेलं असेल, तर काळजी आणखी. एनीडेस्कची मोफत आवृत्ती वैयक्तिक वापरासाठी आहे, कारखान्यासाठी परवाना लागतो, हा एक भाग. मोठा भाग म्हणजे अनअटेंडेड ॲक्सेसचा, म्हणजे समोर कुणी नसताना आत शिरायचा, पासवर्ड. सगळ्या गट ऑफिसांना एकच पासवर्ड, तो तुमच्या आधीच्या माणसाला माहीत, एजन्सीच्या पोराला माहीत, आणि काटा दुरुस्तीला येणाऱ्यालाही कधीतरी फोनवर सांगितलेला, असं असेल तर तुम्ही कर्मचाऱ्यांशी संमतीबद्दल काय बोलणार? आधी तो पासवर्ड बदला, प्रत्येक पीसीला वेगळा ठेवा, आणि जिथे माणूस कायम बसतो तिथे अनअटेंडेड बंद करून विचारूनच आत घेण्यावर या.

विंडोजच्या क्विक असिस्टने (कोड देऊन दुरून मदत करायची सोय) मदत करताना ॲडमिन पासवर्ड मागणारी खिडकी आली की तुमच्याकडे स्क्रीन काळी पडते. ती सुरक्षित डेस्कटॉपवर उघडते आणि मदत करणाऱ्याला दिसू नये अशीच योजना आहे. अशा वेळी घाईत यूझरला फोनवर ॲडमिन पासवर्ड सांगायचा मोह होतो. मीही सांगितला आहे, आणि तो कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला दुसऱ्या आठवड्यात बघितला आहे. सांगू नका. इन्स्टॉलेशन मागच्या बाजूने तुमच्या खात्याने करा. डोमेन आहे तर लॅप्स (लोकल ॲडमिन पासवर्ड सांभाळणारी विंडोजची सोय) वापरा, एप्रिल 2023 पासून ते विंडोजच्या अपडेटमध्येच येतं. प्रत्येक पीसीचा लोकल ॲडमिन पासवर्ड वेगळा राहतो आणि ठरावीक काळाने आपोआप बदलतो.

इथवरचं थोडक्यात: स्क्रीनसमोर माणूस असेल तर फोन आणि खिडकी दोन्ही, सेशन नसेल तर विचारायचं कारण नाही, सेशन लॉक असेल तर मागच्या बाजूने काम.

उलट बाजूचा धोकाही सांगायला हवा. विचारून रिमोट घ्यायचा म्हणून लोकांना दिसेल त्या खिडकीवर ‘येस’ दाबायला शिकवलंत, तर उद्या चोरालाही ते ‘येस’ दाबतील. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्ये एनीडेस्कच्या नावानिशी इशारा दिला होता, कारण फोन करून ॲप टाकायला लावायचं, नंबर विचारून घ्यायचा आणि खातं रिकामं करायचं हे प्रकार वाढले होते. मे 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने एका टोळीची पद्धत उघड केली. आधी माणसाच्या मेलबॉक्सवर शेकडो नको ते मेल सोडायचे, मग ‘मी हेल्पडेस्कहून बोलतोय, तुमच्या मेलचा त्रास थांबवतो’ असा फोन करायचा, आणि क्विक असिस्टने आत शिरून रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) पसरवायचं. यूझरने रीतसर परवानगी दिलेली असते. म्हणून माझ्याकडे तिकीट क्रमांक सांगितल्याशिवाय रिमोट घेत नाहीत, आणि यूझरला शंका आली तर त्याने फोन ठेवून आयटीच्या एक्स्टेंशनवर स्वतः उलट फोन करायचा. उलट फोन आला म्हणून आमच्यातला कुणी चिडला तर मी त्या मुलाला बोलतो, यूझरला नाही.

कायद्याचं. मी वकील नाही, पण एवढं प्रत्येक ॲडमिनला माहीत हवं. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 मध्ये भाषा आहे ती मालकाच्या किंवा त्या संगणकाचा ताबा असणाऱ्याच्या परवानगीविना संगणकात शिरण्याची. मालक कारखाना आहे. तेव्हा तुम्हाला रिमोट घ्यायचा अधिकार आहे हे कारखान्याकडून लेखी असायला हवं: कोणाला, कशासाठी, कोणत्या मशीनवर. ‘एमडी साहेब तोंडी म्हणाले’ हा कागद नाही, आणि साहेब बदलतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी, माहिती देऊन आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी असं म्हटलं आहे. त्याच कायद्यात नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी काही गोष्टी संमतीविना करायलाही जागा ठेवली आहे. म्हणजे साहेब पूर्ण चुकीचे नाहीत. पण खालच्या क्लार्कने वरच्या ऑफिसच्या खिडकीवर दाबलेलं ‘येस’ कितपत मोकळं असतं, हा प्रश्न उरतोच. म्हणून सगळा भार त्या बटणावर टाकू नका. काय बघतो, काय बघत नाही, नोंद कुठे राहते, हे मराठीत एका पानावर लिहून नोटीस बोर्डावर लावा आणि पगाराच्या स्लिपबरोबर एकदा वाटा.

कर्मचाऱ्यांची भीती, दिवसभर स्क्रीनवर बसण्याची, तिला थेट उत्तर द्या. कुणावर संशय आहे, चौकशी करायची आहे, हे काम हेल्पडेस्कचं नाही. त्यासाठी लेखी आदेश, किमान दोन अधिकाऱ्यांच्या सह्या, ठरलेला काळ, आणि शक्यतो लॉग आणि फाइलींवरूनच तपास. गरजेला आणलेलं साधन कसं भलतीकडे जातं त्याचं एक उदाहरण 2010 सालचं आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन शाळांनी विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले होते. चोरीला गेलेला लॅपटॉप शोधायला त्यात कॅमेरा दुरून चालू करायची सोय होती. ती मुलांच्या घरात, खोल्यांत फोटो काढत राहिली, मुलांना आणि पालकांना सांगितलेलं नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि 6 लाख 10 हजार डॉलरवर मिटलं. लॅपटॉप शाळेचेच होते.

तुमच्या जागी मी काय लावेन ते सांगतो. टर्मिनल सर्व्हरवर आणि सगळ्या ऑफिस पीसींवर 1. काट्याचे पीसी वेगळ्या ऑर्गनायझेशनल युनिटमध्ये (डोमेनमधला स्वतंत्र नियमांचा गट) काढून तिथे 4, म्हणजे न विचारता फक्त बघणं. काट्याच्या मशीनवर ना मेल, ना ब्राउझर, ना कुणाची खाजगी फाइल ठेवायची, तरच हे चालेल, आणि क्लार्क लोकांना लेखी सांगूनच. तिथे रात्री क्लार्क पावती द्यायला बाहेर गेलेला असतो, तेव्हा नेमकं काय अडकलंय ते तुम्हाला घरून दिसतं. पण एका मशीनवर शॅडोचा एकच आकडा चालतो, 4 असेल तर शॅडोने ताबा मिळणार नाही. ताबा लागलाच तर क्लार्कला फोन, त्याने क्विक असिस्टचा कोड टाकायचा, त्याच्या डोळ्यांसमोर काम. त्या वेळात गाडी थांबेल. थांबू द्या. वजनाच्या पावतीला तुम्ही एकट्याने, कुणाच्या नकळत, हात लावला नाहीत हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

2 कुठेच नाही. व्यवस्थापनाने फारच धरून ठेवलं तर तो आदेश लेखी घ्या, मशीनची नावं आणि शेवटची तारीख त्यात असू द्या.

आणि कर्मचाऱ्यांची एक बैठक घ्या, प्रोजेक्टर लावून. एकाला पुढे बसवा, खरोखर रिमोट घ्या, खिडकी कशी येते दाखवा, ‘नो’ दाबायला लावा आणि कनेक्शन तुटलेलं सगळ्यांना बघू द्या. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून आत्ताचीच नोंद दाखवा. मी असं केलं तेव्हा सगळ्यात मागे त्या आस्थापनातल्या बाई बसल्या होत्या. त्यांनी नोंदीतली वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघितली.

दोन गोष्टी कळवलीत तर पुढचं नेमकं सांगता येईल. काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पावती रद्द करायला वेगळं सुपरवायझर लॉगिन आहे का? असेल तर दुरुस्त्या तुमच्या नावावर पडतील अशी व्यवस्था करता येते. आणि गट ऑफिसं डोमेनमध्ये आहेत की नुसती इंटरनेटवर?